नाशिकच्या गंगापूर रोडचा शनिवारचा खेळवर्ग : नातीबरोबर काढलेले दहा शनिवार

जानेवारीत आमच्या चिऊला भाऊ झाला आणि फेब्रुवारीत तिने त्याच्या पोटरीला कडकडून चावा घेतला. दात उमटले. सूनबाई ओली बाळंतीण, रात्ररात्र जागलेली. तिने चिऊच्या पाठीत धपाटा घातला आणि मग स्वतःच तोंड झाकून रडायला लागली. चिऊ पलंगाखाली शिरली ती दीड तास बाहेर आली नाही. मी पलंगाशेजारी फरशीवर बसून राहिले. मधे एकदा आतून आवाज आला, "आजी, त्याला दवाखान्यात परत देऊन या ना."

चिऊ तेव्हा चार वर्षं दोन महिन्यांची. मुलगा अंबडला कारखान्यात, शिफ्टची नोकरी. मी प्रेसमधून निवृत्त झालेली, म्हणजे नाशिकरोडच्या करन्सी नोट प्रेसमधून. छापून आलेल्या नोटांचे कागद तपासायचे, चुकलेला बाजूला काढायचा, हे काम मी बत्तीस वर्षं केलं. हे आधीच सांगते, कारण पुढे या वर्गाच्या कार्डांबद्दल मी कडक बोलणार आहे आणि ती कडक नजर कुठून आली हे कळलेलं बरं.

बाळाच्या दीड महिन्याच्या लशीला गेलो तेव्हा डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "असं होतंच. मारू नका. मोठीला एकटीला वेळ द्या, तिच्याशी खेळा." खेळा म्हणजे नेमकं काय करा, हे विचारायचं राहून गेलं. बाहेर बाकावर बसलेल्या एका आईने या वर्गाचं सांगितलं : लहान मुलांना राग, रडू, रुसवा खेळातून सांभाळायला शिकवतात. मार्च ते मे असे दहा शनिवार मी चिऊला घेऊन गेले. आत मोठ्यांनी बसायचं नसतं, पण व्हरांड्यात बाक आहे आणि खिडकी उघडी असते. मी दर वेळी तिथेच बसले आणि सगळं पाहिलं.

वर्गाचं नाव मी लिहीत नाही. दोन-तीन गोष्टी मला खटकल्या आहेत आणि त्या मला लिहायच्याच आहेत. चालवणाऱ्या ताईंनी माझ्या तक्रारी शांतपणे ऐकून घेतल्या, तेव्हा चारचौघांत नाव घेऊन बोभाटा करणं मला पटत नाही. ज्यांना असा वर्ग शोधायचा आहे, त्यांना काय बघायचं आणि काय विचारायचं हे यातून कळेल.

गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत जुना बंगला आहे, त्याच्या तळमजल्यावर वर्ग भरतो. सकाळी दहा ते सव्वाअकरा. मुलं नऊच, तीन ते सहा वर्षांची, आणि ताई धरून दोन मोठी माणसं. दहा शनिवारांचे साडेचार हजार रुपये. आम्ही जेल रोडहून सीबीएसपर्यंत, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकापर्यंत, सिटीलिंकच्या शहर बसने यायचो आणि तिथून रिक्षा. जाऊन येऊन अख्खी सकाळ जाते. मे महिन्यात चिऊ परतताना बसमध्ये माझ्या मांडीवर झोपायची. जवळ राहणाऱ्यांना हा त्रास नाही.

खोली पाहूनच मला बरं वाटलं. भिंतीवर टीव्ही नाही, प्लास्टिकची घसरगुंडी नाही. खाली सतरंजी, एक चौरंग, वाळूचा मोठा ट्रे आणि एक पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत कापडी बाहुल्या, लाकडी ठकी, स्टीलची भातुकली, जुन्या ओढण्या, करवंट्या, डफली आणि खोक्यांचे पुठ्ठे. एका कोपऱ्यात जुनं लुगडं बांधून केलेली गुहा. गुहेचा नियम मला फार आवडला : तिथे कोणीही आपणहून जाऊ शकतं, पण कोणी कोणाला पाठवायचं नाही. "जा, कोपऱ्यात बस" अशी ती शिक्षा नाही. पहिल्या दोन शनिवारी चिऊ बहुतेक वेळ तिथेच होती. ताईंनी तिला बाहेर ये म्हटलं नाही. फक्त येता-जाता लुगड्याच्या फटीतून एखादी करवंटी आत सरकवायच्या. तिसऱ्या शनिवारी करवंटी आतून बाहेर आली.

पालकांच्या बैठकीत ताईंनी सांगितलं की मनाला आवर घालणारा मेंदूचा भाग कपाळाच्या मागे असतो आणि तो पुरता पिकायला माणसाची पंचविशी उजाडते. म्हणजे चार वर्षांच्या मुलाला "शहाण्यासारखं वाग" म्हणून सांगितलं तर ते मनात आणूनही त्याला जमत नाही. जमायला सराव लागतो आणि त्या वयात सराव म्हणजे खेळ. रशियातले मानसशास्त्रज्ञ लेव्ह वायगॉट्स्की (१८९६–१९३४) यांचं म्हणणं त्यांनी सांगितलं, की खेळताना मूल स्वतःच्या वयापेक्षा मोठं होऊन वागतं. बैठकीत हे ऐकताना मी मान डोलावली, पण पटलं ते पुढच्या शनिवारी. घरी चिऊला वेणी घालायला उभं करा, अर्ध्या मिनिटात पळते. त्या दिवशी पुठ्ठ्याच्या किल्ल्याची ती पहारेकरी झाली होती. हातात लाटणं घेऊन, हनुवटी वर करून उभी. मी खिडकीतून घड्याळ लावलं. सव्वातीन मिनिटं! एक मुलगा तिच्या तोंडासमोर हात हलवत होता, तरी तिची पापणी हलेना.

बाकीचे खेळ आपल्या लहानपणचेच. पुतळा, विष-अमृत, शिवाजी म्हणतो. मी मनात म्हटलं, हे तर आम्ही गल्लीत फुकट खेळलो. पण ताईंनी त्यातलं काय उचललंय ते नीट बघितल्यावर कळतं. पुतळ्यात पळता पळता एकदम थांबायचं असतं. मारायला उचललेला हात थांबवायचा तोही हाच सराव. विष-अमृतात 'विष' झालं की जागच्या जागी थिजायचं आणि कोणीतरी येऊन हात लावून 'अमृत' म्हणेपर्यंत वाट बघायची. ज्या मुलाला मदत मागता येत नाही त्याला इथे उभं राहूनच मदत मागायला मिळते. आमची चिऊ एप्रिलमध्ये एकदा स्वयंपाकघराच्या दारात दोन्ही मुठी आवळून उभी राहिली. मी विचारलं, काय झालं गं? "मला विष झालंय," म्हणाली. मी कणकेचे हात तसेच घेऊन गेले आणि तिच्या डोक्याला कोपर लावलं. ती पुन्हा खेळायला गेली. काय झालं होतं ते मला आजतागायत माहीत नाही.

आणि साबणाचे फुगे. एका वाटीत साबणाचं पाणी आणि तारेचं कडं. रागाच्या भरात फुंकर मारली की पडदा फाटतो, फुगा येतच नाही. मोठा फुगा हवा असेल तर श्वास अगदी हळू, लांबवर सोडावा लागतो, आणि लांब उच्छ्वासाने छातीतली धडधड आपोआप उतरते. "दीर्घ श्वास घे" असं चार वर्षांच्या पोराला सांगून काही होत नाही. मोठा फुगा काढ म्हटलं की ते स्वतःच श्वास लांबवतं. घरी वाटी-साबण चालतो. आम्ही रामकुंडावरून कागदी भिरभिरं आणलं, तेही याच कामाला येतं.

आता चौथ्या शनिवारचं सांगते. तो शनिवार पाहून मी पैसे वसूल झाले असं समजले.

चिऊ भातुकली मांडून बसली होती. तिने एक छोटी कापडी बाहुली घेतली, फडक्यात गुंडाळली आणि पोळ्यांच्या स्टीलच्या डब्यात ठेवली. मग वरून झाकण लावलं. घट्ट. दोन्ही तळव्यांनी दाबून. माझ्या पोटात गोळा आला. मी बाकावरून उठले होते. हाक मारणार होते, "चिऊ, असं करू नये!" ताईंनी खिडकीकडे पाहून मला हातानेच थांबवलं आणि त्या तिच्यापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसल्या. ओरडल्या नाहीत, हसल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बाळ डब्यात आहे."

"हो."

थोड्या वेळाने, "झाकण लावलंय."

"ते सारखं रडत होतं. मग मी लावलं."

"बाळाची ताई आहे का इथे?"

चिऊने एक ठकी उचलली, आडवी टाकली. "ही आहे. हिला कोणी घेतलंच नाही. सगळ्यांचे हात भरलेले होते."

ताईंनी ठकी उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली. काही बोलल्या नाहीत. चिऊ बघत राहिली. मग तिने डब्याचं झाकण एका बाजूने किंचित उचललं, बोटभर फट ठेवली आणि म्हणाली, "श्वासापुरतं." पाच-सात मिनिटांनी झाकण काढलं. बाहुली बाहेर काढली नाही, डब्यातच ठेवली, पण तिच्यावर फडकं नीट पांघरलं.

मी बाकावर बसून डोळे पुसले. सगळ्यांचे हात भरलेले होते, हे वाक्य तिने दोन महिने पोटात ठेवलं होतं, आणि आम्ही तिला विचारत होतो, "का चावलीस?" त्या संध्याकाळी मी मुलाला आणि सुनेला हे जसंच्या तसं सांगितलं. तेव्हापासून रात्रीच्या जेवणाआधी अर्धा तास बाळ माझ्याकडे आणि चिऊ तिच्या आईकडे, असा नेम आहे. त्या अर्ध्या तासात काय खेळायचं ते चिऊ ठरवते.

दुसरी गोष्ट दुतोंड्या मारुतीची. इंटरनेटवर असल्या वर्गांमध्ये रागाचा थर्मामीटर दाखवतात, खाली हिरवा, वर लाल. या ताईंनी त्याऐवजी भिंतीवर दुतोंड्या मारुती काढलाय. नाशिकबाहेरच्यांसाठी सांगते : गोदाघाटावर नदीपात्रात मारुतीची मोठी उभी मूर्ती आहे, पुढून एक तोंड आणि मागून एक. पावसाळ्यात गंगापूर धरणातून पाणी सोडलं की पूर कुठवर आला ते अख्खं नाशिक या मारुतीवरून मोजतं. पायाला लागलं, गुडघ्याला आलं, कमरेला आलं, गळ्याशी आलं. २०१९च्या ऑगस्टातला पूर इथे कोणी विसरलेलं नाही. वर्गातल्या चित्रावर निळ्या कापडाची पट्टी वर-खाली सरकते. मूल आलं की आपलं पाणी कुठवर आहे ते सरकवून दाखवतं. घोट्याला असेल तर खेळू. कमरेला आलं असेल तर फुगे काढू, डफली बडवू, वाळूत हात घालू. गळ्याशी असेल तर कोणी काही शिकवायचं नाही, समजवायचं नाही, नुसतं जवळ बसायचं. पूर गळ्याशी असताना कोणाला उपदेश ऐकू येत नाही, हे ताईंचं म्हणणं मी घरात मोठ्यांनाही लावून पाहिलं. खरं आहे ते.

ताईंनी सगळ्या मुलांना खरा मारुती दाखवून आणायला सांगितलं होतं. आम्ही एका रविवारी गेलो. उन्हाळ्यात तो पायापर्यंत कोरडाच उभा असतो. चिऊ त्याला पुढून पाहून आली, मागून पाहून आली, पुन्हा पुढून. "आजी, याला दोन्हीकडे दिसतं," म्हणाली. आता मारुतीचं एक चित्र आमच्या फ्रिजवरही आहे. चावायच्या आधी "कमरेला आलं" असं ती ओरडून सांगते, निदान दहातल्या सहा वेळा.

हे झालं चांगलं. आता कार्डांकडे येते.

पहिल्याच दिवशी वर्गातून एक खोकं विकत घ्यायला सांगतात, बाराशे रुपयांचं. त्यात भावनांची चोवीस कार्डं, एक लाकडी कोडं आणि रंगांची डबी. खोकं ताईंनी बनवलेलं नाही, बाहेरून मागवलेलं आहे. सक्ती नाही म्हणतात, पण बाकीच्या आठ जणांनी घेतलेलं असताना आपल्या पोराला रिकाम्या हाताने कोण पाठवतं? मी घेतलं. घरी आणून चष्मा लावून एकेक कार्ड तपासलं.

चेहरे सगळे पिंगट केसांचे, निळ्या डोळ्यांचे. मोठ्या अक्षरात इंग्रजी शब्द, खाली बारीक मराठी. हॅपी, सॅड, अँग्री इथपर्यंत ठीक. 'एक्सायटेड'खाली छापलंय 'उत्तेजित'. चार वर्षांच्या मुलीच्या हातात द्यायचं कार्ड, आणि 'उत्तेजित'! सहलीला जायचं म्हणून जे मूल आदल्या रात्री झोपत नाही, त्याला मराठीत काय म्हणतात हे छापणाऱ्याच्या आजीला विचारलं असतं तरी तिने सांगितलं असतं. हरखलंय म्हणतात, त्याला आनंदाच्या उकळ्या फुटतायत म्हणतात. 'डिसगस्टेड'खाली 'तिरस्कृत'. तिरस्कृत म्हणजे ज्याचा तिरस्कार केला गेला तो. मुलाला पडवळ बघून येते ती किळस. 'फ्रस्ट्रेटेड'खाली 'निराश', जेव्हा चित्रातला मुलगा उघड उघड वैतागलेला आहे, त्याच्या बुटाची नाडी सुटत नाहीये. 'एम्बॅरस्ड'खाली 'लाजिरवाणा'. अहो, लाजिरवाणं कृत्य असतं. मूल ओशाळतं. चोवीसपैकी सात कार्डं चुकीची. प्रेसमध्ये असा कागद माझ्या हाताखालून पुढे गेला नसता.

चूक फक्त छपाईची असती तर एवढं लिहिलं नसतं. अडचण याहून खोल आहे. पाचव्या शनिवारी चिऊ रुसली होती. ठकी दुसऱ्या मुलीला मिळाली म्हणून भिंतीकडे तोंड करून बसली. मदतनीस मुलीने तिच्यासमोर कार्डं धरली, "तू अँग्री आहेस का? सॅड आहेस का?" चिऊ दोन्हींना नाही म्हणाली, आणि ते खरंच होतं. ती रुसली होती. राग आलेल्या माणसाला कोणी जवळ नको असतं. रुसलेल्याला जवळ यायला हवं असतं, पण ते तो तोंडाने सांगत नाही. रागाला वेळ द्यायचा असतो, रुसव्याची समजूत काढायची असते. दोन्हींवर उपाय उलटा आहे. रुसलेल्या मुलाला रागावलेलं समजून एकटं सोडलं तर त्याच्यावर अन्यायच होतो. आणि हा शब्द कार्डांच्या खोक्यात नव्हता, कारण ती कार्डं ज्या भाषेत आधी बनली त्या भाषेत तो नसावा.

मग मी घरी बसले. लग्नपत्रिका मी टाकत नाही, त्यांची पाठकोरी बाजू जाड आणि छान असते. बावीस कार्डं केली. रुसवा. चिडचिड. धुसफुस. हिरमोड. खट्टू. हेवा. किळस. वैताग. कंटाळा. धास्ती. भेदरणं. बुजणं. लाजणं. ओशाळणं. कावरंबावरं होणं. हुरहुर. हरखणं. उकळ्या फुटणं. माया. कौतुक. पोटात गोळा येणं. आणि करमत नाही. माझी आई सासरी आली तेव्हा पहिले सहा महिने तिचा हा एकच शब्द होता, ती सांगायची. दुःख नाही, राग नाही, तक्रार नाही, फक्त करमत नाही. चिऊलाही शाळेच्या सुट्टीत हेच होत होतं. तो शब्द मिळाल्यावर तिने तो इतका वापरला की सूनबाई म्हणाली, आई, हे कार्ड जरा लपवून ठेवा.

चेहरे चिऊचेच काढले. ती आरशासमोर तोंड करायची आणि मी पेन्सिलने काढायची. हे काम चार संध्याकाळ चाललं. 'ओशाळणं' तिला आधी कळेना. मग मी सांगितलं, परवा तू बाळाचं दूध सांडलंस आणि कोणी काही बोललं नाही, तरी तुला कसं वाटलं? तिने खालचा ओठ आत ओढला आणि डोळे खाली केले. ते तोंड मी कागदावर उतरवलं. एवढं बरोबर चित्र त्या विकतच्या खोक्यात एकही नाही.

त्याच आठवड्यात मुलगा शिफ्टवरून आला आणि दारातच आधी बाळाला उचललं. चिऊने पाठ फिरवली. तो म्हणाला, "काय गं, राग आला?" "नाही!" ती किंचाळली आणि कार्डांच्या डब्यातून 'रुसवा' काढून त्याच्या अंगावर टाकलं. त्याने कार्ड वाचलं, बाळ माझ्याकडे दिलं आणि तिच्या पाठीला पाठ लावून जमिनीवर बसला. दहा मिनिटं दोघं तसेच. मग तिने डोकं मागे त्याच्या खांद्यावर टाकलं.

ही कार्डं मी ताईंना दाखवली. त्यांनी एकेक वाचलं आणि फोटो काढून घेतले. पुढच्या शनिवारी वर्गाच्या भिंतीवर मराठी शब्द लागले होते, सुंदर अक्षरात. याबद्दल त्यांना पैकीच्या पैकी. मात्र ते खोकं अजून विकतात. माझा सल्ला सरळ आहे : वर्ग लावा, खोकं घेऊ नका. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला गरिबांच्या मुलांसाठी बालवाडीचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तिथे शंखशिंपले, बिया, पानं, माती हीच साधनं होती. केंद्र सरकारने २०२३ मध्ये तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी 'जादुई पिटारा' नावाचा जो शिकण्याच्या साधनांचा संच काढला, त्यातही खेळणी, कोडी, बाहुल्या आहेत आणि तो मुलांच्या भाषेत असावा असाच आग्रह आहे. आपल्याकडे हे सगळं असताना निळ्या डोळ्यांच्या 'उत्तेजित' मुलाला बाराशे रुपये कशाला?

दुसरी तक्रार याहून गंभीर आहे. सहाव्या शनिवारी ताई नव्हत्या, मदतनीस मुलगी एकटीच होती. पाच वर्षांच्या एका मुलाचा ठोकळ्यांचा मनोरा पडला. छातीपर्यंत उंच झाला होता, त्यावर त्याने अर्धा तास घालवला होता. तो मोठ्याने रडायला लागला. ती म्हणाली, "शी, मुलींसारखं काय रडतोस? जो आधी गप्प बसेल त्याला चॉकलेट." मुलगा गप्प बसला. मी त्याचा गळा बघत होते. हुंदका वर येत होता आणि तो गिळत होता, पुन्हा पुन्हा. चॉकलेट हातात धरून ठेवलं, खाल्लं नाही.

वर्ग सुटल्यावर मी त्या मुलीशी बोलले. ती म्हणाली, "पण आजी, थांबला ना लगेच." वाईट नव्हती ती, तिलाही लहानपणी असंच गप्प केलं असणार. मी ताईंना फोन केला. त्यांनी सारवासारव केली नाही, चूक झाली म्हणाल्या, त्या मुलाच्या आईवडिलांनाही स्वतः फोन केला. पुढच्या शनिवारी बाहुल्यांचा खेळ घेतला : एका बाहुल्याचा मनोरा पडलाय, तो रडतोय, आता बाकीच्या बाहुल्या काय म्हणतील? मुलांनी सुचवलं, "मी ठोकळे गोळा करतो", "रड, मग बांधू". त्याच मदतनीस मुलीने खाली बसून त्या मुलाबरोबर मनोरा पुन्हा बांधला. तरीही मी म्हणेन, नव्या माणसाला पुरतं शिकवल्याशिवाय नऊ मुलांवर एकटं सोडू नये. वर्ग लावण्याआधी विचारा : तुम्ही नसाल तेव्हा कोण असतं, आणि मूल रडलं तर ते काय करतं?

आणखी एक. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मुलांचे व्हिडिओ टाकतात. त्यात चिऊचा रडतानाचा एक होता, खाली कौतुकाने काहीतरी लिहिलेलं. मी काढायला सांगितला, दहा मिनिटांत काढला. पण ज्या खोलीत मुलाने निर्धास्त रडावं, तिथे कॅमेरा नकोच. आमच्या सांगण्यावरून आता तो नियम झालाय.

फरक पडला का? चावणं एप्रिलमध्ये एकदा झालं, मेमध्ये नाही. हात अजून उचलते, पण पुष्कळदा हवेतच थांबतो. पलंगाखाली जाणं बंद झालं. त्याऐवजी माझं जुनं लुगडं दोन खुर्च्यांवर टाकून तिने घरी गुहा केली आहे. यातलं वर्गामुळे किती, त्या रोजच्या अर्ध्या तासामुळे किती आणि बाळ आता तिला बघून हसायला लागलं म्हणून किती, हे मला वेगळं करून सांगता येणार नाही. ताई स्वतः पहिल्या बैठकीतच सांगतात की हा खेळ आहे, उपचार नाही. मूल बोलायचं थांबलं, शिकलेल्या गोष्टी विसरायला लागलं, स्वतःला इजा करायला लागलं, झोप आणि खाणं सुटलं, तर आधी डॉक्टर. एका आईला त्यांनी पैसे परत करून तसं पाठवलेलं मी पाहिलं आहे.

ज्यांना दहा शनिवारांत मूल शांत आणि आज्ञाधारक करून हवंय त्यांनी इथे येऊ नये. उलट पहिले काही आठवडे चिऊ घरी जास्तच रडली, कारण आता रडलेलं चालतं हे तिला कळलं होतं. ज्यांना खिडकीजवळ बसून आपलं मूल काय सांगतंय ते बघायचं आहे, त्यांनी जरूर यावं. आणि घरच्या कोणीतरी मोठ्या माणसाने दर वेळी बाकावर बसायलाच हवं. बाकीच्या आठ मुलांचे पालक त्यांना सोडून मॉलला जायचे. त्यांना डब्यातलं बाळ कधी दिसलं नसेल.

परवाची गोष्ट. बाळ पहिल्यांदा खळखळून हसलं, चिऊच्याच तोंडाकडे बघून. चिऊ हसली, मग एकदम गप्प झाली आणि कार्डांचा डबा घेऊन माझ्याकडे आली. "आजी, ते हसलं की मला पोटात छान वाटतं. आणि चावावंसं पण वाटतं. याचं कार्ड कुठंय?"

मी बावीसच्या बावीस कार्डं पसरली. 'माया' दाखवलं, 'हेवा' दाखवलं. ती दोन्हींना नाही म्हणाली. मला शब्द सुचेना. तिने एक कोरी पत्रिका मागून घेतली, पेन्सिल घेतली आणि एक मोठं डोकं काढलं, त्याला एका बाजूला वर वळलेलं तोंड आणि दुसऱ्या बाजूला खाली वळलेलं. मग ते माझ्यापुढे धरलं.

"लिही," म्हणाली, "दुतोंड्या झालं."

मोठ्यांच्या भाषेत दुतोंडी म्हणजे लबाड. तिला ते माहीत नाही. मी तिने सांगितलं तसंच लिहिलं.